थंडीतलं रक्त

ग्वाल्हेरच्या रक्तपेढीत काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो आणि मग विचारतो, "तुम्हाला चक्कर नाही येत?" मला नाही येत. चक्कर रक्त देणाऱ्यांना येते. त्यातही हजीऱ्याच्या आखाड्यातले पैलवान सगळ्यांत आधी आडवे होतात. कॉलेजातल्या काडीसारख्या मुली मात्र पिशवी भरेपर्यंत फोनवर कुणाशी तरी भांडत असतात.

नमुने पुष्कळ बघितले. एक गृहस्थ रक्त देऊन उठले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मैडम, मेरा खून किसी शाकाहारी को ही चढ़ना चाहिए." मी म्हटलं, "बिलकुल. थैली पर हरा निशान लगा देती हूँ." समाधानाने गेले. दौलतगंजच्या एका नव्या सुनेने रक्त दिलं आणि चिठ्ठी मागितली, की हिला अशक्तपणा आहे, आठ दिवस काम सांगू नये. "किसको दिखानी है?" विचारलं, तर म्हणाली, "सासूमाँ को. और किसको?" चिठ्ठी दिली नाही. बिस्किटांचा एक पुडा जास्त दिला.

बाहेरच्यांसाठी आमचं काम थोडक्यात सांगते. रक्त कारखान्यात बनत नाही आणि फार दिवस साठवताही येत नाही. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये पाच-सहा आठवडे टिकतात, पुढे फेकाव्या लागतात. म्हणजे दुधाच्या डेअरीसारखंच. फक्त आमची गाय आपल्या पायांनी चालत यावी लागते आणि तिची समजूत काढावी लागते. आलेल्या माणसाला आधी डॉक्टर प्रश्न विचारतात: ताप आला होता का, कावीळ झाली होती का, कुठली औषधं चालू आहेत. मग रक्त घेतो, मग त्याच्या तपासण्या करतो. लोकांना वाटतं तपासणीचं यंत्र सगळं पकडतं. खरी पहिली चाळणी म्हणजे ते प्रश्न. माणसाने खरं सांगितलं तर अर्धं काम तिथेच होतं.

ग्वाल्हेरला आमच्या धंद्याचे तीन हंगाम. मे-जूनमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, दाते कुठून येणार? पावसाळ्यात लोक येतात, पण निम्मे तापातून उठलेले, त्यांना परत पाठवावं लागतं. राहिला हिवाळा. दत्तजयंतीपासून शिवजयंतीपर्यंत आमची सुगी. मंडळं, समाज, कॉलेजं, सगळ्यांची शिबिरं याच दिवसांत. फ्रिज भरलेला असायचा, आणि आम्ही आपसांत म्हणायचो, थंडीतलं रक्त म्हणजे बिनघोर रक्त.

त्याला कारण होतं. मलेरियाचा परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा जीव, माणसाच्या रक्तातून डासाच्या पोटात जातो. तिथे तो पिकावा लागतो, तेव्हाच पुढच्या माणसाला देता येतो. पिकायला ऊब लागते. थंडीत तो इतका सावकाश पिकतो की त्याआधी डासच म्हातारा होऊन मरतो. आमच्याकडे भाऊबीज झाली की मच्छरदाण्या धुऊन माळ्यावर जायच्या, त्या थेट होळीनंतर उतरायच्या. हे घराघरातलं वेळापत्रक होतं आणि रक्तपेढीचंही तेच. पावसाळ्यात डॉक्टर तापाचा प्रश्न दोनदा विचारत. थंडीत एकदा, तोही कागदावर खूण करता करता.

आता ज्या हिवाळ्याबद्दल सांगतेय तो काही जुना नाही. थंडी पडलीच नव्हती असंही नाही. सकाळी धुकं असायचं, पण अकरा वाजता स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागायचा. पौषात माझ्या घरी पंखा लागला होता. दौलतगंजला तिळगुळाची कुरकुरीत गजक विकणारा माझा ठरलेला गजकवाला वैतागून म्हणाला, "दीदी, गजक को कड़ाके की ठंड चाहिए. देखिए, मुड़ रही है, टूटती ही नहीं." मी हसले आणि पाव किलो घेऊन आले. गजक मऊ पडली याचा माझ्या कामाशी काही संबंध असेल, हे डोक्यातही आलं नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाचं शिबिर होतं. दरवर्षीप्रमाणे पहिले हजर दिनकरकाका. वय सत्तावन्न, लश्कर भागातल्या दौलतगंजात मोटार वाइंडिंगचं दुकान, घर दाना ओलीच्या मागच्या गल्लीत. आजोबा फौजेत होते, आणि नातवाने फौजेतली एकच गोष्ट उचलली: थंड पाण्याची आंघोळ. बारा महिने, उजाडायच्या आत, अंगणातल्या दगडी हौदाचं पाणी. हौद उघडाच ठेवायचा. रात्रभर आभाळाखाली राहिलं की पाण्याला धार येते, असं त्यांचं म्हणणं. शिबिराला येताना केस ओले, अंगात अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट. मंडळातले बाकीचे कानटोप्या घालून बसलेले.

"या, कानटोप्यांनो," काका म्हणाले. "बघा, रक्त असं द्यायचं असतं."

डॉक्टरांनी विचारलं, "काका, पिछले दिनों में ठंड लगकर बुखार वगैरह?"

"डॉक्टरसाहब, ठंड हमारे घर आने से डरती है!"

सगळे हसले. डॉक्टर हसले, मीही हसले. डॉक्टरांनी खूण केली. काकांनी रक्त दिलं, दोन मुलांच्या पाठीत थाप मारली आणि स्कूटर काढून गेले. त्यांच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या, मलेरियाचीही. ती एका छोट्या पट्टीवर होते. पट्टी म्हणाली, नाही. पट्टी खोटं बोलत नाही, पण तिला कमी ऐकू येतं. परजीवी अगदी थोडे असले तर तिला त्यांची चाहूल लागत नाही. हे आम्हाला माहीत होतं. पण थंडीत त्याची काळजी कोण करतं?

माही अकरा वर्षांची. तिला थॅलेसेमिया आहे, म्हणजे तिचं शरीर स्वतःचं रक्त नीट बनवू शकत नाही. साधारण दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, एक वर्षाची होती तेव्हापासून. वडिलांचं हजीऱ्याला शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. आई, सरिता, तिला घेऊन येते. माहीला आमच्या रक्तपेढीतल्या प्रत्येकाची अंडीपिल्ली माहीत आहेत. मला म्हणते, "दीदी, आपके चश्मे की डंडी पर वही टेप दो साल से लगा है." कुणाला दया वगैरे दाखवायची सोय नाही, लगेच तोंडावर उत्तर मिळतं.

त्या जानेवारीच्या शेवटी तिला शिबिराच्या दोन पिशव्या चढल्या. सगळं ठीक. दोन आठवड्यांनी ताप आला. रक्त चढवताना ताप येतो तो वेगळा, तो लगेच येतो; इतक्या दिवसांनी येत नाही. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना घसा लाल दिसला, त्यांनी गोळ्या दिल्या. ताप उतरला, पुन्हा चढला. चौथ्या दिवशी सरिताने तिला उचलून आणलं तेव्हा माहीने कुणालाच टोमणा मारला नाही. एवढ्यावरूनच मी समजले की प्रकरण गंभीर आहे. तिचं हिमोग्लोबिन पारच तळाला गेलं होतं. नुकतंच चढवलेलं रक्त गेलं कुठे?

आमच्या पॅथॉलॉजिस्ट सक्सेना मॅडम, कधी आवाज न चढवणाऱ्या, कधी घाई न करणाऱ्या. त्या दुपारी त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोकं वर न काढताच मला हाक मारली.

"शुभा, जरा इधर आइए. देखिए और बोलिए कि मैं गलत देख रही हूँ."

मी डोळा लावला. तांबड्या पेशीत निळसर कडं, त्याला लाल खडा, लहान मुलीच्या अंगठीसारखं. शेजारच्या पेशीत आणखी एक. पावसाळ्यात असली काच मी शेकड्यांनी बघितली आहे, बघितली की नोंद करून बाजूला ठेवते. त्या दिवशी माझा हात काचेवरून निघेना. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. खरंच बघितलं. फेब्रुवारीच होता.

"गलत नहीं देख रहीं," मी म्हटलं.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "फरवरी में? मच्छर से, या हमारी थैली से?"

दोन्हींपैकी कुठलं उत्तर बरं, हेच आम्हाला ठरवता येईना. डासामुळे असेल, तर ग्वाल्हेरच्या थंडीचा भरवसा गेला. पिशवीमुळे असेल, तर आमचा गेला. सरिताला विचारलं. ती म्हणाली, "हमारे यहाँ तो मच्छरदानी बारह महीने लगती है, दीदी. इसके लिए. आप ही ने बोला था." म्हणजे पिशवी.

उपचार लगेच सुरू झाले. मलेरियाचं औषध जुनं आहे आणि चांगलं आहे. पण औषध परजीवी मारतं, परजीवीने फोडलेल्या तांबड्या पेशी परत देत नाही. माहीला रक्त लागणारच होतं, आणि लवकर.

प्रत्येक पिशवीला क्रमांक असतो, त्यामुळे देणारा सापडायला वेळ लागत नाही. माहीच्या दोन पिशव्यांचे दोन दाते. एक कॉलेजचा मुलगा. त्याला बोलावलं, तपासलं, साफ. दुसरं नाव मी दोनदा वाचलं. मग पर्स उचलली आणि दौलतगंजला गेले.

दिनकरकाका एका पंपाचं पोट उघडून बसले होते. घेतलेलं रक्त कुणाला गेलं हे दात्याला सांगायचं नसतं, आणि कुणाचं आलं हे रुग्णाला सांगायचं नसतं. हा आमच्या कामातला पक्का नियम. म्हणून मी एवढंच म्हटलं, "काका, तुमचं रक्त पुन्हा तपासायचंय."

"का? संपलं का पहिलं?"

"डिसेंबरात तब्येत कशी होती तुमची?"

"टणटणीत. विचार कुणालाही."

कुणालाही विचारायची गरज पडली नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला काकू जेवणाचा डबा रिकामा करत होत्या. त्या हात पुसत पुढे आल्या. "मार्गशीर्षात कुडकुडत होते, ते सांगा की."

"तू गप्प बस."

"एक दिवसाआड, गं शुभा! आंघोळ करून आले की पांघरुणात. दात वाजायचे, खाट हलायची. मी म्हटलं, आता वय झालं, बंब पेटवते. तर म्हणाले, बाहेर बोललीस तर बघ. मग घाम यायचा, उठायचे, दुकानात जायचे. आठ-दहा दिवस चाललं आणि आपोआप थांबलं."

एक दिवसाआड थंडी, मग ताप, मग घाम. मलेरियाचं याहून सरळ वर्णन पुस्तकातही नाही. पावसाळा असता तर काकूंनीच ओळखला असता. पण मार्गशीर्षात थंड पाण्याने आंघोळ करणारा माणूस कुडकुडला तर पाण्यालाच दोष देणार. आणि काका कुणाला सांगणार कसे? आयुष्यभर कानटोपीवाल्यांची टिंगल केलेली. कुडकुडलो म्हणणं म्हणजे हरणं. त्यांनी डॉक्टरांना फसवलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी ती थंडी नव्हतीच, अंगातली मस्ती उतरली होती, एवढंच.

"अंग झटकत होतं जरा," काका पंपाकडे बघत म्हणाले. मग वर बघितलं. "का? काय झालंय? कुणाला काही झालंय का?"

"मलेरिया होता तो."

"हट्. थंडीत?"

"थंडीतच."

त्यांच्या हातातला पाना खाली ठेवायचा राहिला. "आणि माझं रक्त? ज्याला दिलं...?"

"उपचार चालू आहेत. याहून जास्त मला सांगता येणार नाही."

"जीव तर आहे ना?"

"आहे."

त्यांनी बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. मी त्या दुकानातच, पंपाशेजारी, नमुना घेतला. मॅडमना तो काचेवर फार वेळ शोधावा लागला, पण सापडला.

दुसऱ्या दिवशी मलेरिया विभागाचे रामसेवक, मी आणि काका, तिघं त्यांच्या अंगणात उभे होतो. हौद नितळ. तळाचा दगड दिसत होता. डास गटारात होतात असं सगळ्यांना वाटतं. मलेरियाचा शहरी डास स्वच्छ, साठवलेलं पाणी पसंत करतो. रामसेवकांनी लांब दांड्याची पळी पाण्यावरून अलगद फिरवली आणि काकांच्या नाकाखाली धरली. पळीत बारीक काड्या पाण्याला समांतर पडल्या होत्या. रामसेवकांनी पळीला टिचकी मारली. काड्या वळवळल्या.

"यही है?" काकांनी विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"यही है, काका. पहले दिवाली के बाद हम लोग चैन से बैठते थे. अब ये बैठने ही नहीं देते."

"मी यात रोज आंघोळ करतो," काका मला म्हणाले. जणू मला ते माहीत नव्हतं.

हौद पूर्वी रोज रिकामा व्हायचा, रोज भरायचा. अलीकडे पाऊस पडतो तो एकदम चार दिवसांत पडून जातो, धरण भरत नाही, आणि नळ एक दिवसाआड येतो. म्हणून काकांनी हौद तळापर्यंत रिकामा करणं सोडलं होतं. वरचं पाणी वापरायचं, खालचं राखून ठेवायचं. सगळी गल्ली तेच करत होती, कुणी टाकीत, कुणी पिंपात.

काकांनी हौदाचं बूच ओढलं. पाणी अंगणातून दारापर्यंत आणि दारातून गल्लीत गेलं. समोरच्या घरातली बाई ओरडली, "अरे काका! आज नल का दिन नहीं है, और आप बहा रहे हैं?" मागे वळून बघते तो ती बादली घेऊन आलेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. गल्लीतून वाहणारं पाणी तांब्याने, तसराळ्याने भरायला लागल्या.

मी आडवी आले. "इस पानी में मलेरिया का मच्छर है! मत लीजिए!"

"छान लेंगे, दीदी," एक जण म्हणाली आणि ओढणीची घडी बादलीवर टाकली. "आपके यहाँ रोज आता होगा. हमारे यहाँ नहीं आता."

रामसेवक अळ्या मारायच्या औषधाची बाटली घेऊन बादल्यांमागे धावत होते, "पीने का नहीं, भाभीजी, पीने का नहीं!" अर्ध्या तासात हौद कोरडा झाला आणि त्यातलं पाणी दहा घरांत गेलं.

रक्तपेढीत परत येताना मी मनाशी म्हटलं, चला, निदान कारण तरी सापडलं. एक हट्टी माणूस, एक उघडा हौद. असं कारण सापडलं की बरं वाटतं. ते बरं वाटणं जिन्यापर्यंत टिकलं.

शिबिरातल्या उरलेल्या सगळ्या पिशव्या आम्ही आदल्या दिवसापासून अडवून ठेवल्या होत्या, आणि मॅडम स्वतः एकेका पिशवीची काच बघत होत्या. जिन्याच्या तोंडाशीच त्या उभ्या होत्या.

"एक और मिला, शुभा."

"दिनकरकाका के मोहल्ले का?"

"नहीं. हजीरा. और वो आदमी आज तक लश्कर की तरफ रहा ही नहीं."

त्याला मी लगेच फोन केला. तिशीतला, पिठाच्या गिरणीत काम करणारा माणूस. थंड पाण्याची आंघोळ? "पागल हूँ क्या?" हौद? नाही, गच्चीवर प्लास्टिकची टाकी, झाकण वादळात उडून गेलेलं. ताप? "दिसंबर में आया था थोड़ा. सबको आता है, मौसम बदलता है ना." ऋतू बदलतोय म्हणून ताप आला, असं तो म्हणाला. माणूस खरं तेच सांगत होता.

काकांवर सगळं ढकलून मोकळं होता येणार नव्हतं. हा त्यांच्या मस्तीचा किस्सा नव्हता. मी ज्या वेळापत्रकावर पंचवीसेक वर्षं काम केलं, ते वेळापत्रकच आता खरं राहिलं नव्हतं, आणि आम्हाला हे कळलं तेव्हा दूषित रक्त एका मुलीच्या अंगात ओतून झालं होतं.

संध्याकाळी वॉर्डमधून निरोप आला: माहीला आजच रक्त द्यायला हवं आणि आई नाही म्हणते.

मी वर गेले. सहसा जात नाही. माझं काम रक्तपेढीच्या खिडकीच्या अलीकडे. माही उशीला टेकून होती, ओठांचा रंग उशीच्या अभ्र्यासारखा. वडील बाहेर कठड्याशी उभे. सरिता पलंगाच्या पट्टीवर बसली होती, मुलीचा हात आपल्या मांडीखाली दाबून. तो हात कुणाला मिळू द्यायचा नव्हता.

"नहीं चढ़वाना," ती म्हणाली. "दस साल से चढ़वा रही हूँ, एक दिन नहीं पूछा कहाँ से आया. किसका था ये?"

"नहीं बता सकती."

"आप जानती हैं."

"हाँ."

"और नहीं बताएँगी."

"नहीं."

शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर ऐकल्या असत्या. तिने विचारलं, "इस वाली में नहीं है, इसकी गारंटी दीजिए. अभी लिखकर दीजिए, मैं हाथ छोड़ती हूँ."

मी आणि मॅडमनी आळीपाळीने माहीसाठी काढलेल्या त्या पिशवीची काच तासभर बघितली होती. आधीच्या कुठल्याही हिवाळ्यात मी हसून म्हटलं असतं, अगं, थंडीत कसला मलेरिया, दे तिचा हात. त्या दिवशी दुसरी दूषित पिशवी सापडून तीन तास झाले होते.

"गारंटी नहीं है," मी म्हटलं. "हमने जितना देख सकते थे, देखा. कुछ नहीं दिखा. पर गारंटी नहीं दे सकती. आगे भी नहीं दे सकूँगी. एक ही बात पक्की बता सकती हूँ: नहीं चढ़ाया तो क्या होगा."

पलंगाशी उभे असलेले वॉर्डचे डॉक्टर माझ्याकडे चमकून बघायला लागले. रुग्णाच्या आईशी असं बोलतात का, असा तो चेहरा. पण सरिता खोटं ओळखते. दहा वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाया ओळखतात.

ती हलली नाही. मग माहीनेच आईच्या मांडीखालून हात ओढून काढायला सुरुवात केली. जोर नव्हता, दोनदा ओढावा लागला.

"मम्मी, उठो ना. सुन्न हो गया है हाथ."

सरिता उठली. सिस्टरने शीर शोधली. मी तिथेच स्टूल ओढून बसले. पहिले थेंब पडायला लागले तेव्हा सरिताने विचारलं, "अब बुखार कितने दिन देखना है?"

"पहले दो-तीन हफ्ते रोज. शाम को नापकर मुझे फोन करना. उसके बाद भी जिस दिन बदन गरम लगे, उसी दिन."

"और अगली थैली के बाद?"

"फिर से."

"और गर्मी में? ठंड में?"

"हर बार."

माहीचा ताप उतरला, ती सुधारायला लागली. काकांनी गोळ्यांचा सगळा कोर्स पुरा केला. हौदाला आता पत्र्याचं घट्ट झाकण आहे. आंघोळ अजून थंड पाण्यानेच, त्याबाबतीत काकूही हरल्या. यंदाच्या शिबिराला काका रक्त द्यायला आले नाहीत, डॉक्टरांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. आलेल्या प्रत्येकाला, सगळ्या कानटोप्यांसमोर, मोठ्याने सांगत होते, "थंडी वाजली असेल तर लाजू नका. मलाही वाजली होती. खाट हलत होती माझी." हे वाक्य म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल ते मंडळातल्या लोकांनाच माहीत. त्यांच्या त्या चौकशीने इतके दाते परत गेले की फ्रिजचे दोन कप्पे रिकामेच राहिले. जानेवारीत रिकामा कप्पा मी नोकरीत पहिल्यांदा बघितला. तो रिकामा आहे म्हणून घाबरावं की बरं मानावं, हे मला अजून कळलेलं नाही.

सरिताचा फोन मात्र प्रत्येक पिशवीनंतर रोज संध्याकाळी येतो. नमस्कार-चमत्कार नाही, नुसता आकडा सांगते आणि ठेवते. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी आला नाही. मी वाट बघितली, कुकर उतरवला, पुन्हा फोन बघितला, आणि शेवटी मीच लावला. पलीकडे बँडचा एवढा आवाज की काही ऐकू येईना.

"शादी में हैं, दीदी!" सरिता ओरडली. "ननद की लड़की की! माही नाच रही है, दो घंटे से स्टेज से उतर ही नहीं रही!"

"नापा?"

"अभी उतरेगी तब नापूँगी. थर्मामीटर पर्स में है, दीदी. लिपस्टिक के साथ रखा है."